चेंडू पडल्याचा आवाज

जिजाबाई कोराडीला आली ती पंधरा दिवसांच्या बोलीवर. उमरेडच्या पलीकडल्या तिच्या गावात ज्वारी-तुरीचं शेत होतं, ते थोरला मनोहरराव बघत होता. निघताना तिने शेजारच्या पार्वतीबाईला बजावलं होतं की कोंबड्यांवर तेवढी नजर ठेव, पोळ्याच्या आत परत येते. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी जिजाबाई कोराडीतच होती.

कारणही तसंच होतं. तिचा धाकटा, रुपराव, वीज केंद्रात ऑपरेटर होता. एक्याऐंशी सालच्या जुलैत, एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला आणि मागोमाग तोही पडला. लकव्याने उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. महिनाभर इस्पितळात काढून तो घरी आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चाला, हात हलवा, चार माणसांशी बोलत राहा, बरंच काही परत येईल. रुपरावाने यातलं एकही केलं नाही. कॉलनीतल्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. दारात कुणी आलं की बायकोला, गोपिकेला, खुणेने सांगे, झोपलो म्हणून सांग.

रुपरावाला एकच लेक, प्रेमिला. सतरा वर्षांची, बापासारखी रुंद खांद्याची, हसली की डोळे मिटणारी. बोलायला तिला पाच वर्षं लागली होती आणि स्वतःची वेणी घालायला बारा. सदरमध्ये मतिमंद मुलांसाठी शाळा निघाल्याचं कळलं तेव्हा रुपरावाने आपली पाळी दुपारची करून घेतली, आणि सहा वर्षं तो रोज सकाळी तिला बसने सदरला नेत आणि परत आणत होता. त्याला लकवा झाला आणि प्रेमिलाची शाळा सुटली. नवऱ्याला सोडून गोपिकेला हलता येईना. प्रेमिलाला समजावून झालं होतं, पण ती रोज सकाळी आंघोळ करून, पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यावर बसे. नऊ वाजले की उठे, पिशवी खुंटीला अडकवी आणि पुन्हा कुणाशी बोलत नसे.

जिजाबाईने हे अकरा दिवस पाहिलं. खरं सांगायचं तर या नातीचा तिला कधी फार लळा नव्हता. पोरगी घरातच बरी, असं तिचं मत. मनोहररावाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तिने कोराडीला निरोप धाडला होता की प्रेमिलाला आणू नका, पाहुणे काय म्हणतील. त्या लग्नाला रुपरावाच्या घरचं कुणीच आलं नाही. पुढे त्यावर कधी शब्द निघाला नाही, पण तो निरोप दोघींच्या, सासू-सुनेच्या, मध्ये पाटासारखा पडून होता.

बाराव्या दिवशी जिजाबाई पहाटेच उठली, लुगडं नीट नेसली आणि उंबऱ्यावर बसलेल्या नातीसमोर उभी राहिली.

"चाल वं. कुठे हाये तुही शाळा, दाखव मले."

गोपिकेने विचारलं की तुम्हाला तर पाटी वाचता येत नाही, बस कशी ओळखाल? जिजाबाई म्हणाली, वाचता येत नाही पण तोंड तर आहे. आणि खरोखरच ती स्टॉपवर दोघातिघांना विचारून एका बसमध्ये चढली. प्रेमिला तिचा हात मागे ओढत होती आणि म्हणत होती, "आपली नाही." जिजाबाईने तिला दटावून आत नेलं. बस कामठीच्या वाटेला लागली तेव्हा कंडक्टरने त्यांना मध्येच उतरवलं, आणि आजी-नात पाऊण तास बाभळीखाली उभ्या राहिल्या. एकामागून एक बसेस येत होत्या. तिसरी आली तशी प्रेमिला टाळी वाजवून म्हणाली, "आपली." ती सदरलाच जाणारी निघाली. सहा वर्षांत तिने पाटी वाचली नव्हती, पण ड्रायव्हरच्या खिडकीतला हार, दाराचा गज, इंजिनाचा खोकला, सगळं तिला पाठ होतं. त्या दिवसापासून बस ओळखायचं काम प्रेमिलाचं आणि गर्दीत कोपराने जागा करायचं जिजाबाईचं.

शाळेत अरुंधतीबाई होत्या. चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या, पण एकदा मनात घेतलं की न सोडणाऱ्या. त्यांनी प्रेमिलाला पाहून तिला जवळ घेतलं आणि रुपरावाची सगळी हकीकत विचारली. मग सांगितलं की फेब्रुवारीत सदरच्या मोठ्या मैदानावर आसपासच्या अशा शाळांच्या क्रीडा स्पर्धा होणार आहेत. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या प्रेमिला एका दमात उचलते, हे त्यांनी हेरलं होतं. तिला चेंडूफेकीत उतरवायचं, असं त्यांनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला. अरुंधतीबाईंनी प्रेमिलाच्या हातात जड कातडी चेंडू दिला, मैदानाच्या टोकाला रोवलेलं लाल निशाण दाखवलं आणि म्हणाल्या, "तिकडे फेक." प्रेमिलाने चेंडू घट्ट धरला, मैदान चालून गेली, निशाणाच्या बुडाशी चेंडू हलकेच ठेवला आणि मागे वळून शाबासकीची वाट बघू लागली.

भिंतीशी बसलेल्या आया हसल्या. दहा दिवस रोज हेच झालं. हातात आलेली वस्तू दूर भिरकावून द्यायची असते, हे प्रेमिलाला पटतच नव्हतं. ताट असो, ओढणी असो की चेंडू, ती नेऊन जागेवर ठेवणार. अरुंधतीबाईही थोड्या खचल्या. पण जिजाबाई त्या हसण्यात कधी सामील झाली नाही. तिला वाटलं, पोरगी चुकत कुठे आहे? चेंडू तिथे पोचायला हवा एवढं तर तिला बरोबर कळलंय.

एका रविवारी गोपिकेने अंगणात बाजेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. जिजाबाई राखणीला बसली, शेजारी प्रेमिला. साळुंक्या उतरल्या. जिजाबाईने आयुष्याची पंचवीस वर्षं मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकलली होती. तिचा हात आपसूक खाली गेला, ढेकूळ उचललं, कंबर वळली आणि ते सुटलं. ते गेलं थेट कुंपणापलीकडे, ओमप्रकाशच्या ट्रकच्या पत्र्यावर. ठण्णकन आवाज झाला.

ओमप्रकाश शेजारचा. खाणीतून वीज केंद्रात कोळसा आणणारा ट्रक तो चालवी. जिजाबाई भांडणाच्या तयारीने पदर खोचून उभी राहिली, तेवढ्यात तिचं लक्ष नातीकडे गेलं. प्रेमिलाचे डोळे मिटले होते, इतकी ती हसत होती. बऱ्याच महिन्यांनी तिचं हसू घरात ऐकू आलं होतं. मग ती वाकली. एक ढेकूळ उचललं. दोन वेळा हातात घोळवलं, आणि आजीने वळवली तशीच कंबर वळवून ते सोडलं. पुन्हा ठण्णकन.

ओमप्रकाश बनियनवरच बाहेर आला. ट्रकचा पोचा पाहिला, पोरीकडे पाहिलं. म्हणाला, "मांजी, निशाना पक्का है. पर मेरी गाडी छोडो." आणि घरामागे जाऊन तेलाचा एक रिकामा ड्रम घरंगळवत घेऊन आला, तो त्याने मोकळ्या जागेत उभा करून दिला.

झालं. त्या दिवसापासून कॉलनीच्या मागच्या मैदानात रोज संध्याकाळी ठणठणाट सुरू झाला. शाळेतून चेंडू मागून आणून जिजाबाई एकेक गोष्ट शिकवी. पाय कसा रोवायचा, खांदा कसा मागे न्यायचा, हात डोक्यावरून जाताना बोटं कधी उघडायची. ड्रम आठ पावलांवरून पंधरावर गेला, पंधरावरून पंचविसावर. चुकला की प्रेमिला कान देऊन उभी राही, लागला की साऱ्या मैदानाला टाळ्या वाजवायला लावी. कपडे वाळत घालणाऱ्या बायका, पाळीवरून सुटलेले लोक थांबून बघू लागले. वीज केंद्राच्या राखेची धूळ उडत असे, त्यात ही आजी-नात.

तो ठणठणाट खोलीतही ऐकू जात होता. जानेवारीत एका दुपारी रुपरावाने पहिल्यांदा त्याबद्दल तोंड उघडलं. शब्द जड येत होते, पण राग नीट येत होता. तो म्हणाला की हा तमाशा बंद करा, रस्त्यावरचे लोक आधीच या घराकडे कुतूहलाने पाहतात. मग म्हणाला, "एका घरात आता दोन झाले, माय."

गोपिका दारात होती. तिने पदर तोंडाला लावला. जिजाबाई खाटेच्या कडेला बसली. लेकाच्या निर्जीव बोटांवर तिने तेल चोळायला घेतलं होतं, ते तसंच चालू ठेवलं.

"दोन नाही गा," ती म्हणाली. "ती रोज सकाळी उठते, पिशवी घेते अन जाते. तू उठत नाही. तुमचा दोघांचा हिशेब एक कसा होईन?"

रुपरावाने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. जिजाबाईला वाटलं आपण जरा जास्तच बोललो. स्वयंपाकघरात गेल्यावर ती सुनेपाशी उकिडवी बसली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली की लग्नाचा तो निरोप मीच धाडला होता, मनोहररावाने नाही. गोपिका म्हणाली, मला माहीत आहे. जिजाबाई म्हणाली, "चुकलंच माह्यं." एवढंच. गोपिकेने सासूसमोरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि उरलेली मेथी दोघींनी मिळून निवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकेला आतल्या खोलीतून पाय घासल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर रुपराव भिंत धरून खिडकीपर्यंत गेला होता. ती मागे सरली आणि काहीच न पाहिल्यासारखी पुन्हा चुलीशी जाऊन बसली.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांनी जायचं ठरलं, आणि रुपरावाला बसमध्ये कसं चढवायचं हा प्रश्न उभा राहिला. तो म्हणाला, मी घरीच बरा. ओमप्रकाशने हे ऐकलं. पहाटे उठून त्याने ट्रक धुतला. कोळशाचा ट्रक धुवायचा म्हणजे काय असतं ते कॉलनीने पाहिलं. नळाखालून काळा ओढा निघाला आणि ट्रक वाळेपर्यंत त्याचा मूळ रंग हिरवा आहे हे पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. मागे सतरंजी अंथरली, त्यावर जिजाबाई, प्रेमिला, गोपिका आणि कॉलनीतल्या सात-आठ बायका आपापले डबे घेऊन बसल्या. रुपरावाला दोघांनी उचलून केबिनमध्ये ओमप्रकाशच्या बाजूला बसवलं. तो एकाच अटीवर तयार झाला होता. ट्रकमधून खाली उतरणार नाही.

सदरचं मैदान भरून गेलं होतं. चुन्याने आखलेल्या रेघा, बांबूला बांधलेल्या पताका, कर्ण्यावरून येणारी सूचना. ट्रक दोरीच्या बाहेर कडेला उभा राहिला. अरुंधतीबाईंनी प्रेमिलाच्या पाठीवर क्रमांकाचं कापड टाचलं. चेंडूफेकीत नऊ मुली होत्या, प्रत्येकीला तीन संधी.

प्रेमिलाचं नाव पुकारलं. ती रेघेशी आली, पाय रोवला, खांदा मागे नेला आणि चेंडू सोडला. चेंडू चांगला उंच गेला आणि गवतावर पडला. प्रेमिला कान देऊन उभी राहिली. काहीच वाजलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलेलं जिजाबाईला लांबूनही दिसलं. पोरीला वाटलं, आपला नेम चुकला.

हे आधीच जिजाबाईच्या लक्षात यायला हवं होतं. इतके महिने ड्रमपाशी काढले, आणि इथे ड्रम नाही. दोरीच्या आत जायला कुणाला परवानगी नव्हती. दुसऱ्या वेळी प्रेमिला रेघेवर आली तीच मान खाली घालून. हात अर्धाच उचलला, चेंडू दहा-बारा पावलांवर गबाळासारखा जाऊन पडला. पण तो जमिनीला टेकला त्याच क्षणी ठण्णकन आवाज झाला.

जिजाबाईने पिशवीतून डब्याचं झाकण काढलं होतं आणि डब्यावर आपटलं होतं. प्रेमिलाने झटकन वळून पाहिलं. दोरीपाशी आजी एका हातात डबा आणि एका हातात झाकण घेऊन उभी. प्रेमिलाचे डोळे मिटले.

पंच जिजाबाईकडे आले आणि म्हणाले, आजी, आवाज करू नका. अरुंधतीबाई पुढे झाल्या. त्यांनी शांतपणे विचारलं की चेंडू पडल्यावर टाळ्या वाजवायला मनाई आहे का? पंच म्हणाले, टाळ्यांना मनाई कशी असेल. "मग यांची टाळी अशी आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या. पंच डब्याकडे बघत बघत आपल्या जागी गेले.

बाकीच्या मुलींच्या फेकी होईपर्यंत ही गोष्ट दोरीभर पसरली. तिसऱ्यांदा प्रेमिलाचं नाव आलं तेव्हा कोराडीच्या बायकांनीच नव्हे, कामठीच्या, सदरच्या, कुठून कुठून आलेल्या आयांनी आपापले डबे पिशव्यांतून बाहेर काढले होते. भाजी-पोळी फडक्यात, झाकणं हातात.

प्रेमिला रेघेवर आली. या वेळी तिने घाई केली नाही. चेंडू दोन वेळा हातात घोळवला, कंबर वळवली आणि बोटं उघडली. चेंडू गेला तो गेलाच. लाल निशाणाच्या अलीकडे दोन हातांवर तो पडला आणि शंभर झाकणं एकदम वाजली. झाडावरचे कावळे उडाले. कर्ण्यावर बोलणारा माणूस बोलायचा थांबला. प्रेमिला रेघेवर उड्या मारत होती, अरुंधतीबाईंचा चष्मा हातात आला होता आणि त्या तो पुसत होत्या.

याच वेळी गोपिकेने मागे वळून ट्रककडे पाहिलं. केबिनचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. ओमप्रकाश बायकांमध्ये उभा राहून पाण्याची बादली बडवत होता, म्हणजे त्यालाही पत्ता नव्हता. ती धावली. ट्रकच्या मागे पाहिलं, चाकांपाशी पाहिलं. मग पलीकडून ओळखीचा, जडसा, तुटक आवाज ऐकू आला.

रुपराव दोरीच्या आत होता. ट्रकमधून त्याला चेंडू पडलेला दिसला नव्हता, म्हणून तो उतरला होता, कसा उतरला ते त्यालाही पुढे सांगता आलं नाही. उजवा पाय ओढत तो मोजमाप घेणाऱ्यापर्यंत पोचला होता आणि त्याच्याशी भांडत होता. तोंड वाकडं, शब्द अर्धे, थुंकी उडत होती, आणि शे-दोनशे माणसं बघत होती. त्याला कशाचं भान नव्हतं.

"फीता ढिला हाये," तो म्हणत होता. "ताण. फीता ताण गा."

मोजणारा म्हणाला की काका, तुम्ही बाहेर व्हा. रुपराव हलला नाही. सारी हयात त्याने काटे आणि आकडे वाचण्यात काढली होती, आणि फीता खरंच ढिला होता. शेवटी पंचांनी स्वतः येऊन तो ताणला. अंतर वीत दीड वीत कमीच भरलं. रुपरावाने मान हलवून मंजुरी दिली, तेव्हा कुठे तो बाजूला झाला. आणि मग आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. तो गोपिकेकडे पाहू लागला. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

प्रेमिलाचा दुसरा नंबर आला. भंडाऱ्याच्या एका उंच मुलीने तिच्यापेक्षा चार हात लांब टाकला होता आणि प्रेमिलाने तिच्यासाठीही आजीचा डबा वाजवला. बक्षीस घ्यायला पालकांसह बोलावलं. रुपरावाला पुन्हा उचलायला दोघे पुढे आले, त्यांना त्याने डाव्या हाताने थांबवलं. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तो मंचापर्यंत चालत गेला. बराच वेळ लागला. पाहुणे उभे राहून वाट बघत राहिले.

मग सगळे सावलीला जेवायला बसले. कुणाची पोळी कुणाच्या फडक्यात गेली होती, कुणाचं झाकण कुणाच्या डब्यावर बसत नव्हतं. जिजाबाईचं झाकण तर चेपून वाकडंच झालं होतं. भंडाऱ्याच्या मुलीची आई त्यांच्यातच येऊन बसली आणि तिने जिजाबाईला विचारलं, हे फेकणं पोरीला कुणी शिकवलं. जिजाबाईने ज्वारीचं शेत, मचाण आणि साळुंक्या हे सगळं सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

मार्चपासून रुपराव रोज सकाळी स्टॉपपर्यंत चालायला लागला. पुढल्या दिवाळीला वीज केंद्राने त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. डाव्या हाताने लिहायला शिकायला त्याला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत प्रेमिला त्याच्या शेजारी बसून आपलं नाव गिरवत होती. तिचं अक्षर त्याच्यापेक्षा आधी सुधारलं, असं गोपिका सगळ्यांना सांगे. चेंडूफेकीत प्रेमिला आणखी तीन वर्षं उतरली. एकदा पहिली आली, एकदा चौथी, एकदा चेंडू मंडपात पाहुण्यांच्या बाजूला गेला, त्याची गोष्ट वेगळी.

पार्वतीबाईने गावाकडून निरोप धाडला की कोंबड्या आता बावीस झाल्या आहेत, त्यांचं काय करायचं. जिजाबाईने उलट निरोप दिला की ठेव तुलाच. सकाळच्या बसची वेळ झाली होती. स्टॉपवर दोन बसेस एकामागे एक उभ्या होत्या. जिजाबाई पहिलीकडे निघाली, तशी प्रेमिलाने तिचा हात धरून तिला दुसरीत चढवलं.